दुपारच्या मालिकांना वेगळं अवॉर्ड असतंय काय? आईनं विचारलंय

वडगावची लेक

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावची, वडगावातली. प्रश्न खरं तर आईचा आहे, तिला मोबाईलवर टाईप करायला जमत नाही म्हणून मी लिहितेय, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या घरी पुढं दोन माग आहेत साडीचे. आई आतल्या सोप्यात कांड्या, म्हणजे मागाला लागणाऱ्या सुताच्या नळ्या, भरत बसते आणि टीव्ही तिच्या समोर. मागाच्या खटखटीत आवाज नीट ऐकू येत नाही, पण इतक्या वर्षांची सवय आहे की नुसती तोंडं बघून तिला कळतं कोण काय बोलूलालंय. रात्री सगळं घर बघतं, पण आईचं खरं बघणं दुपारचं. जेवणं झाली की चारपर्यंत, आदल्या रात्रीचे रिपीट नाहीतर जुन्या मालिका. करंट गेला की माग पण बंद आणि टीव्ही पण बंद, मग ती शेजारच्या काकूंना गोष्ट सांगत बसते पुढं काय होणार म्हणून.

तर झालं असं की मागच्या आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ आला, अमेरिकेतला, जुना आहे. एका नटीचं नाव पुकारतात आणि सगळं थिएटर उठून उभं राहतं, टाळ्या थांबतच नाहीत, माणसं रडतायत, ती बाई पण रडतेय. खाली लिहिलं होतं डेटाईम एमी. आईला दाखवला. तिनं तीनदा बघितला आणि विचारलं, ही बाई कोण गं, आणि एवढी माणसं का रडूलाल्यात? मला काही सांगता आलं नाही. मग म्हणाली दुपारच्या मालिकांना तिकडं वेगळं अवॉर्ड देतात काय, मग आपल्याकडं का नाही, दुपारी बघणाऱ्या काय माणसं नाहीत काय.

आणि दुसरं म्हणजे आमच्या गल्लीतल्या बायका नवरात्रात एक दिवस कार्यक्रम करतात, ओटी भरणं, गाणी वगैरे. यंदा आईच्या डोक्यात आलंय की आपण पण एक मालिकेचं अवॉर्ड द्यायचं, गल्लीतल्या बायकांनी निवडलेलं. तर तिकडं निवडतात कसं, लोकांच्या मतावर का परीक्षक असतात, हे कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. तिनं हे फार मनावर घेतलंय.

टिळकवाडी

ताई, तुम्ही बघितलेला व्हिडिओ नक्की सुझन लुचीचा असणार. माझी मोठी बहीण तिकडं न्यू जर्सीला असते, पहिली काही वर्षं तिला कामाचं परमिट नव्हतं तेव्हा घरी बसून ती हेच बघायची आणि मला फोनवर सगळं सांगायची, त्यामुळं मला बऱ्यापैकी माहिती झाली, नंतर मी स्वतः वाचत गेलो.

ऑल माय चिल्ड्रन म्हणून मालिका होती, १९७० मध्ये सुरू झाली आणि २०११ पर्यंत एबीसीवर रोज दुपारी. त्यात लुचीबाई एरिका केन नावाची बाई करायच्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं एकच पात्र. १९७८ मध्ये पहिल्यांदा त्यांचं नॉमिनेशन झालं. मिळालं नाही. मग परत नॉमिनेशन, परत नाही. असं १८ वेळा झालं. दर वेळी कॅमेरा त्यांच्या तोंडावर आणि दर वेळी दुसऱ्याच बाईचं नाव. तिकडं हा सगळ्या देशाच्या बोलण्यातला विषय झाला होता. शेवटी १९९९ च्या मे महिन्यात एकोणिसाव्या वेळी नाव आलं, पाकीट उघडणारा शेमार मूर म्हणून नट होता तो आधी एवढंच म्हणाला, द स्ट्रीक इज ओव्हर, म्हणजे हरायची रांग संपली, आणि नाव घ्यायच्या आत लोक उभे राहिले. टाळ्या कितीतरी मिनिटं चालू होत्या. एकवीस वर्षं वाट बघितलेली बाई, आणि समोर बसलेली माणसं पण तेच काम करणारी, रोज स्टुडिओत जाऊन रोज एक भाग काढणारी. म्हणून रडली सगळी. आणि भाषणात त्या काय म्हणाल्या माहितीय? सोमवारी परत स्टुडिओत जाणार आणि एरिका केनचं काम जीव ओतून करणार. कार्यक्रम शुक्रवारी होता. मला त्या भाषणातलं हेच सगळ्यात आवडतं. पुढं २०२३ मध्ये त्यांना जीवनगौरव पण दिला.

आता वेगळं अवॉर्ड का, ते सांगतो. एमी म्हणजे तिकडचं टीव्हीचं मोठं बक्षीस, पंख असलेली बाई हातात अणूचा गोळा धरून उभी अशी मूर्ती. पण रात्रीच्या मोठ्या पैशाच्या मालिकांपुढं दुपारच्या मालिकांना कोण विचारणार, म्हणून १९७४ पासून दिवसाच्या कार्यक्रमांचा सोहळाच वेगळा केला, पहिला न्यूयॉर्कमध्ये झाला. पहाटे दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत जे लागतं ते डेटाईम, असा साधा हिशोब होता. मालिका, टॉक शो, गेम शो, स्वयंपाकाचे कार्यक्रम सगळं त्यात यायचं. अलीकडं वेळेपेक्षा कार्यक्रमाचा प्रकार बघून विभागणी करतात.

आणि सोप ऑपेरा हे नाव तर तुमच्या आईसारख्या बायकांमुळंच पडलंय. १९३० च्या आसपास रेडिओवर दुपारी या गोष्टी लागायच्या, ऐकणाऱ्या घरात काम करणाऱ्या बायका, म्हणून जाहिराती साबणवाल्यांच्या. आपल्याकडं टाईड आणि एरियल विकणारी प्रॉक्टर अँड गॅम्बल, तीच कंपनी या मालिका स्वतः काढायची. गायडिंग लाईट म्हणून एक होती, १९३७ ला रेडिओवर सुरू झाली, १९५२ ला टीव्हीवर आली आणि २००९ ला संपली. ७२ वर्षं! आजीनं सुरुवात बघायची आणि नातीनं शेवट. ती सुरू करणारी पण बाईच, इर्ना फिलिप्स. आणि लुचीबाईंचं पात्र लिहिणारी अ‍ॅग्नेस निक्सन ही इर्नाच्या हाताखाली शिकलेली. म्हणजे बायकांनी बायकांसाठी लिहिलेलं हे सगळं, म्हणून मला याचं महत्त्व फार वाटतं.

निपाणीची सून

वडगावच्या ताई, तुमच्या आईचं वाचून माझ्या सासूबाई डोळ्यापुढं आल्या. आमच्याकडं निपाणीत माग नाहीत पण विड्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि पानं, हात चालूच आणि नजर टीव्हीवर. हजार विड्या वळायच्या दिवसाला, त्यातल्या कारखान्यात दिल्यावर छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला, किती काढतील सांगता येत नाही, म्हणून हाताला चूक चालत नाही. आणि तरी सासूबाईंना मालिकेतलं सगळं पाठ.

दुपारच्या मालिकांचं म्हणाल तर आपल्याकडं पण दिवस होते की. १९९४ ला दूरदर्शनवर शांती सुरू झाली, मंदिरा बेदी, ती दुपारचीच होती. आणि मराठीत दामिनी, प्रतीक्षा लोणकर, पत्रकार मुलगी अन्यायाविरुद्ध लढणारी. सासूबाई सांगतात गल्लीत तेव्हा दोनच टीव्ही, अँटेना कोल्हापूरकडं तोंड करून लावलेला, वारा आला की मुंग्या यायच्या आणि कुणीतरी पोरगं वर चढून अँटेना फिरवायचं आणि खालनं बायका ओरडायच्या आलं आलं, थांब, तिथंच धर. सगळ्या आपापली सुपं घेऊन त्या घरात जमायच्या. दामिनी लागली की बोलणं बंद, नुसता पानं कातरायचा आवाज. एक काकू होत्या, त्यांना लिहायला वाचायला येत नव्हतं, पण दामिनी बघून त्यांनी मुलीला सातवीनंतर शाळेतनं काढलं नाही. ही मुलगी पुढं बँकेत लागली. आता याला कुठलं अवॉर्ड द्यायचं सांगा. मला तर वाटतं त्या वेळच्या दुपारच्या मालिका करणाऱ्या माणसांना कुणीतरी स्टेजवर बोलवून शाल घालायला पाहिजे होती, जशी तिकडं घालतात.

मग केबल आलं, चॅनेल आले, नवीन गोष्ट रात्री सात ते दहात गेली आणि दुपारला बहुतेक रिपीट राहिलं. म्हणून आपल्याकडं दुपारचं वेगळं अवॉर्ड नाही. पण बघणारी बाई दुपारीच बघते, तिला रात्री भाकरी थापायच्या असतात.

खानापूर रोड

माहिती चांगली दिलीय टिळकवाडीवाल्यांनी. पण एक सांगतो, आपल्याकडचे अवॉर्ड आणि ते यात फरक आहे. झी मराठीचं उत्सव नात्यांचा बघा नाहीतर स्टार प्रवाहचा परिवार पुरस्कार, तो त्या चॅनेलचा घरचा कार्यक्रम. त्यांच्याच मालिका, त्यांचेच कलाकार, आवडती सासू, आवडती सून, आवडतं कुटुंब. बघायला छान वाटतं, नाच असतात, कपडे असतात, मी पण बघतो घरच्यांबरोबर. पण दुसऱ्या चॅनेलवर कितीही चांगलं काम झालं तरी ते तिथं येणारच नाही. सगळ्या चॅनेलना एकत्र धरून बघणारे थोडे आहेत, मटा सन्मान आहे, संस्कृती कलादर्पण आहे, तिथं नाटक सिनेमाबरोबर मालिकांना पण देतात. हिंदीत २००१ पासून इंडियन टेली अवॉर्ड्स आणि आयटीए आहेत.

गल्लीतलं करणार असाल तर सगळे चॅनेल घ्या. आणि मतं मोजायला घेऊ नका, ज्या घरात पाच बायका त्या घराची मालिका जिंकणार.

वडगावची लेक

सगळ्यांचे खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं, लुचीबाईंचं ऐकून गप्पच बसली थोडा वेळ, मग म्हणाली एकोणीस वेळा साडी नेसून गेली असेल की गं ती बिचारी. आणि निपाणीच्या ताई, दामिनी आईनं पण बघितलीय, तेव्हा ती माहेरी होती संकेश्वरला.

आता तिचा पुढचा प्रश्न. मतं मोजायची नाहीत तर मग करायचं कसं? वर्षाला अडीचशे तीनशे भाग असतात एका मालिकेचे. परीक्षक सगळे बघतात काय? आमच्या गल्लीत सगळ्या मालिका बघणारी एक पण बाई सापडायची नाही, प्रत्येकीच्या दोन तीन ठरलेल्या.

टिळकवाडी

सगळे भाग कुणीच बघत नाही ताई, तिकडं पण नाही. पद्धत अशी आहे की नट किंवा नटी स्वतःचं नाव स्वतः देते आणि वर्षभरातलं आपलं सगळ्यात चांगलं वाटणारं काम निवडून पाठवते, त्याला रील म्हणतात. परीक्षक असतात ते त्याच धंद्यातले लोक, म्हणजे अभिनयाला अभिनय करणारे, लेखनाला लिहिणारे. ते ती रीलं बघून मार्क देतात. त्यामुळं कुठला प्रसंग पाठवायचा यावर पण बरंच ठरतं. वर्षभर रोज उत्तम काम करून चुकीचा प्रसंग पाठवला की गेलं. यात लोकांच्या मताचा भाग नाही, ज्याला आतलं काम कळतं त्यानं सांगायचं असा विचार.

आणि एक गोष्ट मला लई महत्त्वाची वाटते, ती म्हणजे लेखकांच्या टीमला आणि दिग्दर्शकांच्या टीमला वेगळं बक्षीस असतं. टीम म्हणतो कारण रोजची मालिका एकट्या माणसाला लिहिता येतच नाही. एक जण पुढच्या काही महिन्यांची गोष्ट ठरवतो, दुसरे एकेका दिवसाचा आराखडा करतात, तिसरे संवाद लिहितात, आणि आठवड्याला पाच भाग निघालेच पाहिजेत, सण असो नाहीतर कुणी आजारी पडो. २०२३ मध्ये तिकडं लेखकांचा संप झाला तेव्हा जूनमधला डेटाईम एमीचा सोहळा पुढं ढकलून डिसेंबरात घेतला. केस करणारे, मेकअप करणारे, कपडे बघणारे, सगळ्यांना वेगळी बक्षीसं आहेत.

आपल्याकडं बघा, चार दिवस सासूचे बारा वर्षांच्या आसपास चालली, २००१ पासून, तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडी म्हणजे गांधी सिनेमातल्या कस्तुरबांच्या कामासाठी बाफ्टा, म्हणजे इंग्लंडचं सिनेमाचं मोठं बक्षीस, मिळालेली नटी, आणि तिनं इतकी वर्षं रोजच्या मालिकेत सासू केली. हे काम सोपं नाही. सिनेमात एका प्रसंगाला दोन दिवस मिळतात, इथं दिवसात भागभर शूट, आणि तरी तोंडावर रोजचा तोच राग, तीच माया खरी वाटायला पाहिजे. हे ज्या परीक्षकाला कळतं त्यानंच मार्क द्यावेत असं मला वाटतं.

तिकडच्या मालिका पण कमी होत गेल्या हं. डेज ऑफ अवर लाईव्ह्स १९६५ पासून टीव्हीवर होती ती २०२२ ला नुसत्या ॲपवर गेली. जनरल हॉस्पिटल मात्र १९६३ पासून अजून चालू. आणि २०२५ मध्ये सीबीएसवर बियॉन्ड द गेट्स म्हणून नवीन सुरू झाली, कितीतरी वर्षांनी एखाद्या मोठ्या चॅनेलनं दुपारची नवी मालिका काढली म्हणून बहिणीचा खास फोन आला होता.

चिकोडीचा जावई

मी जरा वेगळं सांगतो, राग मानू नका कुणी. माझं घर बेळगावात मराठी, सासुरवाडी चिकोडीची, घरी दोन्ही चालतं. बायको कन्नड मालिका बघते, आई मराठी, आणि रिमोटवरनं जे काही व्हायचं ते होऊन गेलंय. पण त्यातनं एक मजेशीर गोष्ट मला कळली. आई तुला पाहते रे बघायची, सुबोध भावेची. ती २०१९ ला संपली आणि त्याच वर्षी कन्नडमध्ये जोते जोतेयलि सुरू झाली, बायको बघूलाली होती आणि आई स्वयंपाकघरातनं येऊन म्हणाली, अगं ही तर आमचीच गोष्ट! तिनं पुढचं सगळं आधीच सांगून टाकलं आणि बायको दोन दिवस बोलत नव्हती. तुझ्यात जीव रंगलाचं पण तसंच, त्यातला आपल्या कोल्हापूरचा नायक राणादा कन्नडमध्ये जोडी हक्की होऊन गेला. आणि आता उलटं बघा, लक्ष्मी निवास आधी कन्नडमध्ये आली, मग मराठीत. कन्नडमध्ये डबिंगला बरीच वर्षं विरोध होता, त्यामुळं गोष्ट घ्यायची तर नवीन नट घेऊन परत शूट करायचं ही पद्धत तिथं चांगली रुजली.

म्हणून मला म्हणायचं होतं की गल्लीत अवॉर्ड देणार असाल तर कन्नड मालिका पण घ्या ना. वडगावात कन्नड बोलणारी विणकर घरं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांच्या बायका पण ओटीला येतातच की. कांड्या भरताना बघणारी बाई तीच, भाषा कुठली का असेना. आणि एकच गोष्ट दोन भाषांत झाली असेल तर दोन्ही नट्यांचा तोच प्रसंग शेजारी शेजारी लावून बघा, दोघींचा रडण्याचा प्रसंग, मग कळेल कोण काय करतंय. आमच्या घरी हे करून बघितलंय, आई आणि बायको दोघींनी मिळून कन्नडवालीला जास्त मार्क दिले.

चॅनेलचं पण एक सांगतो. नवीन नियम आल्यापासून, २०१९ पासून, आपल्याला चॅनेल निवडून घ्यावे लागतात, आणि इथल्या तयार पॅकमध्ये आमच्याकडं मराठी आलेच नाहीत, वेगळे पैसे भरून घातले. गल्लीत सगळ्यांकडं सगळे चॅनेल नसणार, हे धरून चला.

शहापूरच्या काकू

पोरी, मी सांगते कसं करायचं. आमच्या भजनी मंडळात स्पर्धा असते तेव्हा करतो तसं. प्रत्येक बाईनं एकच प्रसंग सांगायचा, वर्षभरात जो बघून तिचा हात कामावरनं थांबला. बाकी काही नको. हात थांबला तो प्रसंग. तुझ्या आईला कळेल मी काय म्हणते ते, कारण मी पण बावीस वर्षं कांड्या भरल्यात. मग ते सगळे प्रसंग मोबाईलवर काढायचे, एखाद्या पोराला सांगून मोठ्या पडद्यावर लावायचे, आणि सगळ्यांनी बसून बघायचे. निवाडा करायला तीन बायका, ज्यांनी ती मालिका बघितलीच नाही अशा. त्यांना मागची गोष्ट माहीत नसताना पण डोळ्यात पाणी आलं तर ते काम खरं.

आणि चिकोडीच्या जावईबापूंचं बरोबर आहे, कन्नड घ्या.

वडगावची लेक

काकू, आईला हात थांबल्याचं वाचून दाखवलं आणि तिनं लगेच सांगितलं कुठला. दुपारी लागते त्या एका मालिकेत सून माहेरी जाते आणि आई तिला काही न विचारता नुसतं ताट वाढते, दोघी बोलतच नाहीत. त्या दिवशी आईच्या हातातनं कांडी सुटून सगळं सूत गुंतलं होतं, मला आठवतंय, बाबा ओरडले होते.

तर आमचं असं ठरलंय. काकूंच्या पद्धतीनं करायचं, मराठी कन्नड दोन्ही, समोरच्या कन्नड काकूंना निवाड्याला बसवायचं कारण त्या मराठी मालिका बघत नाहीत, आणि त्यांच्या मालिकांना आई बसणार. बक्षीस म्हणून आमच्याच मागावरची साडी. आईनं रंग पण काढलाय, जांभळी, हिरव्या काठाची.

फक्त आईचं म्हणणं आहे की तिचा प्रसंग जिंकला तर साडी नटीला नाही पाठवायची, तिला साड्या मिळतात. जिनं तो प्रसंग लिहिला तिला पाठवायची, कारण दोघींना बोलायला न लावणं हे लिहिणाऱ्याचं डोकं आहे. टीव्हीवर शेवटी नावं इतकी पळतात की काही वाचता येत नाही, म्हणून मी काल ॲपवर तो भाग काढून थांबवून थांबवून बघितलं. संवाद लिहिणारे दोघं आहेत, एक बाई आणि एक पुरुष. दोन्ही नावं आईनं कालनिर्णयच्या मागं लिहून ठेवलीत आणि दुसऱ्या साडीचं सूत चढवायला सांगितलंय, त्याच्या घरी कुणी असेलच की नेसणारी म्हणून.

आता चॅनेलच्या ऑफिसात पत्र आणि पार्सल पाठवलं तर ते लेखकांपर्यंत पोचतं काय, कुणाला अनुभव आहे?